उंबरदेवाशी अबोला

टेपाच्या वाडीत कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळ्यांना पाठ असते. बांधावरून भगीरथ आणि त्याचा चुलतभाऊ बोलत नाहीत. कोंबडीवरून लहानी आणि तिची जाऊ बोलत नाहीत; ती कोंबडी मरून नऊ वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी यात आणखी एक जोडी वाढली, गोजर आगिवले आणि उंबरदेव. वाडीने तेही लक्षात ठेवले आणि माणसे आपापल्या कामाला लागली.

खर्डी स्टेशनाहून येणारी रिक्षा जिथे माणसे उतरवून मागे फिरते, तिथे एक उंबर आहे. त्याच्या बुंध्याशी गुडघ्याएवढा शेंदूर फासलेला दगड आहे, तो उंबरदेव. रूप बेताचेच, पण मान मोठा. नवी नवरी वाडीत शिरताना आधी त्याच्या पाया पडते, आणि वाडीची पोरगी सासरी निघाली की त्याला सांगून निघते. गाय हरवली, साप निघाला, पोराचा बारावीचा निकाल लागायचा असला, की त्याच्याकडे नारळ जातो. गोजरने दोन वर्षांत नारळ तर सोडाच, त्याच्याकडे मानही वळवली नव्हती. रिक्षातून उतरली की ती पाठ करून पदर सारखा करायची आणि बांधाबांधाने, लांबच्या वाटेने घरी जायची. त्या वाटेवर पावसाळ्यात दोनदा घसरून पडली, तरी वाट बदलली नाही.

भांडण उजव्या हातावरून होते. तो आता नव्हता.

गोजर धवळेरी. या डोंगराकडच्या वाड्यांमध्ये लग्न भटजी लावत नाही, धवळेरी लावते. मांडवात बसून ती गाणे म्हणते आणि गाण्यातून एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. सूर्य, चंद्र, धरतरी, गावदेवी, उंबरदेव, वाघदेव, भाताची कणसरी, मग नदी, डोंगर, नवऱ्याकडचे, नवरीकडचे. ज्याचे नाव घेतले त्याच्या नावाची तांदळाची चिमूट उजव्या हाताने सुपात ठेवायची. एकवीस देव, एकवीस चिमटी. सगळे आले की लग्न लागले. देवांचे मानपान व्याह्यांसारखेच असते; एकाला विसरलात तर तो जन्मभर विसरत नाही. गोजर हे आईकडून शिकली आणि तीस वर्षे तिने ते केले. खर्डीपासून पार मुरबाडकडच्या वाड्यांपर्यंत तिने दोनशेच्या वर लग्ने लावली, आणि एकाही देवाची तक्रार आली नाही.

मग हाताला गाठ आली, कोपराच्या खाली. सुपारीएवढी होती तेव्हा भगताने पाला बांधला. लिंबाएवढी झाली तेव्हा पाला बदलला. पेरूएवढी झाली तेव्हा भगत स्वतःच म्हणाला की आता डॉक्टरला दाखवा, माझ्याकडे याच्या पुढचा पाला नाही. भगत प्रामाणिक माणूस होता. खर्डीच्या डॉक्टरने शहापूरला पाठवले, शहापूरने ठाण्याला, ठाण्याने मुंबईच्या कॅन्सरच्या मोठ्या दवाखान्यात. प्रत्येक ठिकाणी तिला ऐकवले की उशीर केलात, जणू मधले दिवस ती लोळत पडली होती. मधल्या दिवसांत तिने दोन एकर भात लावले होते, कापले होते, झोडले होते आणि अकरा लग्ने लावली होती.

बरोबर नवरा कमळू होता आणि पुतणी काजल. काजल कमळूच्या भावाची, भगीरथची मुलगी. बारावी झालेली, म्हणून दवाखान्यातल्या पाट्या वाचायला नेली. चार दिवसांसाठी नेली आणि सात महिने राहिली. काकीचे केस गळले तेव्हा तिने स्वतःची ओढणी काकीच्या डोक्याला बांधली, उलटीचे भांडे धरले, आणि रांगेत मधे घुसणाऱ्यांशी हिंदीतून भांडली. तिचे हिंदी त्या सात महिन्यांत फार सुधारले. कमळू बोलत नसे. तो एरवीही बोलत नसे. भिंतीला टेकून बसायचा आणि कोणाचेही नाव पुकारले की उभा राहायचा.

एक दिवस डॉक्टरने त्याला एकट्याला आत बोलावले. बाहेर येऊन त्याने गोजरला एवढेच सांगितले, की हाताचे काही खरे नाही म्हणतात, आणि सरकारी योजनेसाठी मूळ रेशनकार्ड लागणार आहे, ते आणायला घरी जातो. गोजर रडली नाही. तिने त्याच्याजवळ देवासाठी निरोप दिला.

"उंबरदेवाला जाऊन सांग," ती म्हणाली. "बोल त्याला, तीस वर्षं गावदेवीच्या मागोमाग तुलाच बोलवला. ह्याच हातानं तांदूळ दिला. तेवढा हात ठेव. काळा बकरा देईन."

कमळूने मान हलवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी रेशनकार्ड घेऊन आला, दवाखान्याच्या कागदावर सही केली, आणि तिसऱ्या दिवशी गोजरचा हात कोपराच्या वरून कापला.

पुढचे औषधपाणी संपवून ती घरी आली तेव्हा बकऱ्यांच्या गोठ्यात काळा बकरा नव्हता. तिने विचारले. कमळू म्हणाला, "देवाला दिला." गोजर काय समजायचे ते समजली, रेशनकार्डाच्या फेरीतच दिला असणार. हातही गेला आणि बकराही गेला. आगाऊ पैसे घेऊन पळालेला ठेकेदार आणि हा देव, यांच्यात तिला काही फरक दिसेना. भगताने यावर विचार करून मत दिले की चूक कमळूची आहे. नवस आधी फेडत नाहीत. बकरा पोटात गेल्यावर देव कशाला उठतोय. हे मत वाडीला पटले. कमळूनेही ते मान खाली घालून ऐकून घेतले. गोजरने मात्र त्या दिवसापासून देवाशी बोलणे टाकले.

बाकी ती जगायला लागली, कारण घरात दुसरे कोणी ते काम करणार नव्हते. डावा हात आजवर उजव्याचा गडी होता, त्याला कारभारी व्हायला वेळ लागला. लुगडे नेसायला पहिल्यांदा दुपार गेली. भाकरी एका हाताने थापायची तर पीठ परातीबाहेर पळायचे. सहा महिने कमळूने नाना आकाराच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि एकीबद्दलही काही विचारले नाही. आवणीला, भाताची रोपे लावायला, ती डाव्या हाताने उतरली. रोपांची जुडी कमरेला खोचायची आणि एकेक काढून चिखलात रोवायची. पहिल्या वर्षी तिची ओळ नागाच्या वाटेने गेली. दुसऱ्या वर्षी सरळ आली, आणि तेव्हा ती बांधावर बसून रडली, खूप रडली. बायकांना वाटले हात दुखतो. तिने त्यांना तसेच वाटू दिले.

शहापूरच्या एका शिबिरात तिला प्लॅस्टिकचा हात मिळाला. भाषणे झाली, फोटो झाला. हात चांगला मजबूत होता, फक्त गोरापान होता. गोजर सावळी, त्यामुळे कोणीतरी दुसरीच बाई तिच्या खांद्यामागून हात पुढे करते आहे असे दिसायचे. दोन दिवस तिने तो घातला. नळावर बायका बोलता बोलता गप्प होऊ लागल्या, तेव्हा तिसऱ्या दिवशी तिने तो शेतातल्या बुजगावण्याला बसवला. त्या वर्षी भाताकडे एक रानडुक्कर फिरकले नाही. त्यामुळे शिबिरवाल्यांबद्दल ती अजून चांगलेच बोलते.

दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी तपासणी असायची. डॉक्टर कागद बघून म्हणायचे, काही नाही, जा. ती जायची.

गाणे तेवढे बंद होते. मांडवात आता मैना गायची. मैना तिच्याकडूनच शिकलेली, पस्तिशीची, आवाजाने बरी, स्वभावाने त्याहून बरी. फक्त मोबाइलवर गाणे भरून ठेवायची आणि मोबाइल बंद पडला की चंद्रानंतर कोण हे तिला आठवायचे नाही. कुठल्या तरी मांडवातून मैनाचा आवाज आला की गोजर घरी बसून ओळीमागून ओळ मनात म्हणायची आणि उंबरदेवाच्या नावाशी येऊन थांबायची. देव नाहीच, असे तिला कधी वाटले नाही. नसता तर बरे झाले असते. जो नाहीच त्याच्यावर माणूस किती दिवस चिडेल? पण तो होता. त्याला सगळे ऐकू गेले होते, आणि त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले होते. हे तिला सोसत नव्हते. हात नसणे त्या मानाने सोसत होते.

अशात काजलचे लग्न ठरले. मुलगा दीपेश, मुरबाड तालुक्यातला, धसईच्या पलीकडच्या वाडीचा. स्वतःचा टेम्पो होता, धसईच्या बाजारातून भाजी मुरबाडला न्यायचा. काजलला तो आवडला होता. तिची अट एकच होती, लग्न काकी लावेल. भगीरथने तिला समजावले की काकीला हात नाही. काजल म्हणाली, गाणं हातानं म्हणतात काय? मैना लावेल म्हटल्यावर ती म्हणाली, मग मैनामावशीच्याच पोरीचं लावा, मी बसते घरी. पोरगी सात महिने मुंबईच्या दवाखान्यात भांडून आलेली. तिच्यापुढे भगीरथचा काय पाड लागणार?

तेव्हा पंच बसले. प्रश्न तांदळाचा होता. डाव्या हाताने दिलेला तांदूळ देव घेत नाहीत. बराच वेळ चहा झाल्यावर असे ठरले की गाणे गोजर म्हणेल आणि तिच्या उजवीकडे बसून तांदूळ मैना ठेवेल. देवांना चालेल का, म्हणून भगताला विचारले. भगत म्हणाला, हात कोणाचा हे देव बघत नाहीत, उजवा असला म्हणजे झाले. मात्र एक जुना नियम त्याने पुन्हा सांगितला. बोलावणे ज्या तोंडाने सुरू केले त्याच तोंडाने पुरे झाले पाहिजे. मधे दुसरी गायली तर आलेले देवही उठून जातात.

गोजर हो म्हणाली. काजलला नाही म्हणणे तिला शक्यच नव्हते. पण हो म्हणतानाच तिने मनाशी ठरवले होते की एकवीसपैकी वीस बोलवायचे. तीस वर्षांचा अनुभव असा, की देवांची नावे चालू असतात तेव्हा पुरुष बाहेर तंबाखू मळत असतात आणि बायका एकमेकींची लुगडी बघत असतात. एक नाव गाळले तर कोणाच्या बापाला कळणार नव्हते.

वैशाखात, भर अकराच्या उन्हात, वऱ्हाड आले. एक टेम्पो आणि दोन जीप. किन्हवलीहून आणलेला डीजे आधीच येऊन आंब्याखाली उभा होता. धवळेरीचे गाणे होईपर्यंत त्याला गप्प राहायला सांगितले होते, म्हणून त्याने आपला माइक तेवढा मांडवात देऊन ठेवला. काजल हळद लावून, बाशिंग बांधून पाटावर बसली. गोजर सुपासमोर बसली, उजवीकडे मैना बसली. समोर खांबाला टेकून नवऱ्याचा आजा बसला होता, गोमा नावाचा, ऐंशीच्या घरातला. तो तंबाखू खात नव्हता, लुगडीही बघत नव्हता. गोजरच्या ते लक्षात यायला हवे होते.

तिने सुरुवात केली. दोन वर्षे न वापरलेला आवाज आधी खरखरला, मग जागेवर बसला, आणि बायकांचे बोलणे हळूहळू थांबले. सूर्याला बोलावले, त्याचे घोडे बांधायला जागा दिली. चंद्राला बोलावले, त्याला बसायला घोंगडी घातली. नाव निघाले की मैनाचा हात चिमूट उचलून सुपात ठेवी. गोजरला आधी ते विचित्र वाटले, मग बरे वाटू लागले. धरतरी आली, मग गावदेवी आली. गावदेवीनंतर गोजरने श्वास घेतला आणि सरळ वाघदेवाला हाक घातली.

मैनाने उंबरदेवाची चिमूट उचललेली होती. गावदेवीमागोमाग उंबरदेव, हे ती गोजरकडूनच शिकली होती. तिचा हात सुपावर येऊन थांबला. गोजर वाघदेवाला डोंगर उतरून ये म्हणत होती आणि तिकडे तांदूळ हवेत होता. गोजरने सगळा विचार केला होता, पण हा हात आता आपला नाही, याला आधी सांगून ठेवायला हवे, हे तिच्या डोक्यात आले नव्हते. मैनाला वाटले, बिचारी दोन वर्षांनी गाते, विसरली असेल. ती वाकून हळूच म्हणाली, "मावशी, उंबरदेव राहिला."

माइक दोघींच्या मधे होता. ते हळू बोलणे साऱ्या वाडीवर गेले, पार उंबरापर्यंत.

"राहिला नाय," गोजर म्हणाली. "त्याला नाय बोलवायचा."

हेही वाडीवर गेले. बाहेरचे पुरुष तंबाखू झटकून आत आले. भगीरथ आधी चिडला, मग त्याने हात जोडले. भगत म्हणाला की वीस देवांत लग्न लागत नाही, असे कधी झालेले नाही. मैना म्हणाली, मी घेते नाव, तर भगताने तिला तोंड बदलता येत नाही याची आठवण करून दिली. गोजर सुपाकडे बघत राहिली. तेव्हा गोमा खांब धरून उठला आणि तिच्यासमोर येऊन बसला.

"बाई, तुमच्या देवाशी तुमचं काय हाय ते तुमी बघा," तो म्हणाला. "पण पोरगी त्याला न सांगता नेली, तर उद्या आमच्याकडं बकरी मेली तरी पोरीवर येईल. मी हाय तोवर कोणाला बोलू देणार नाय. पण मी किती दिवस हाय?"

म्हातारा रागावला असता तर सोपे गेले असते. तो खरे बोलत होता. गोजरने अशा पोरी पाहिल्या होत्या. पाऊस लांबला, पोर तापाने फणफणले, विहिरीत कुत्रे पडले, की घरातली माणसे तिच्याकडे बघतात. कोणी काही बोलत नाही, नुसते बघतात. अशी एक तीन वर्षांत माहेरी परत आली होती आणि झुरून झुरून तिच्या डोक्यावर अर्धे केस राहिले नव्हते.

काजलने बाशिंगाआडून मान वर केली. "काकी, नको बोलवू त्याला," ती म्हणाली. "मी अशीच जाते. नाय नेली तर राहते."

गोजर तिला ओळखून होती. ही पोरगी जाईलही तशीच, आणि भोगेलही, आणि तोंडातून ब्र काढणार नाही. तिच्यासाठी एक नाव घ्यायचे, एवढेच तर होते. गोजरने तोंड उघडले. नाव आले नाही. ते घेणे म्हणजे झाले ते बरे झाले असे देवाच्या तोंडावर म्हणणे, आणि तेवढे खोटे तिला गाण्यात घालता येईना. तिने पुन्हा तोंड उघडले, पुन्हा मिटले. सारी वाडी बघत होती आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली की हे आपल्याच्याने होणारच नाही.

कमळू मागे चुलाणावर होता, भाताच्या टोपाशी. माइकवर सगळे त्याला ऐकू आले होते. तो बायकांच्या मधून वाट काढत आला, हात भिजलेले, खांद्यावर फडके. या वाडीत नवराबायको एकमेकांना अरे-तुरेच करतात, पण चारचौघांत फारसे बोलत नाहीत, आणि कमळू तर चौघे नसतानाही बोलत नसे.

"बोलाव त्याला," तो म्हणाला. "त्याचा काय गुन्हा नाय. हात मी दिला."

गोजरला काही कळेना. "काय बोलतोस तू?"

मग कमळूने सांगितले. त्याला एवढे बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तो थांबत थांबत, सुपातल्या तांदळाकडे बघून बोलला. डॉक्टरने आत बोलावले होते तेव्हा साफ सांगितले होते, हात ठेवाल तर बाई वर्षभर काढणार नाही, बाई ठेवायची तर हात जाईल. दोन्ही राहणार नाहीत. तो रेशनकार्ड आणायला वाडीत आला आणि आधी उंबराखाली गेला.

"तुझा निरोप नाय सांगितला," तो म्हणाला. "त्याला बोललो, हात घे, बाई ठेव."

"आणि बकरा?"

"डॉक्टर बोलला गाठ मुळातून गेली, तवा रातचा येऊन दिला. बोललो होतो देईन. त्यानं त्याचं काम केलं."

नवस आधी फेडल्याचे मत ज्याने दिले होते तो भगत मांडवाला बांधलेली आंब्याची पाने बघू लागला. माइक बंद करायचे कोणालाही सुचले नाही.

"दोन वर्षं का नाय बोललास?" गोजरने विचारले.

"तू त्याच्यावर रागावलेली होतीस," कमळू म्हणाला. "मला वाटलं, तो देव हाय, त्याला सोसेल. मला नसतं सोसलं."

आधी गोजरला लाज वाटली, कारण दोन वर्षे ती ज्याला मनात शिव्या घालत होती त्याचा काही दोषच नव्हता. मग कमळूचा फार राग आला. आणि त्या रागाच्या खाली, तिला नको असतानाही, बरे वाटत होते. देव बहिरा नव्हता. त्याच्यापर्यंत माणसाचे बोलणे पोचले होते आणि त्याने ते जसेच्या तसे केले होते. फक्त बोलणे तिचे नव्हते, कमळूचे होते. दोन वर्षे ती समजत होती की आपण एकट्या पडलो. ती एकटी पडली नव्हती. तिच्या नकळत दोघे जण तिच्यासाठी बोलणी करून मोकळे झाले होते, आणि दोघेही गप्प बसले होते.

"तांदूळ घे," ती मैनाला म्हणाली आणि उठली.

मागे राहिलेल्या पाहुण्याला मांडवात बसून हाक मारत नाहीत, त्याच्या दारात जाऊन बोलवावे लागते. माणसांत तसेच आहे आणि देवांतही तसेच असावे, असे धरून ती निघाली. लांबच्या वाटेने नाही, सरळ वाटेने. मागे मैना चिमूट मिटून, तिच्यामागे बाया, गोमा काठी टेकत, आणि डीजेवालाही, कारण त्याला इथे काय चालले आहे ते समजत नव्हते. उन्हाने तापलेली माती पायाला चटके देत होती.

उंबराखाली ती उभी राहिली. दोन वर्षांत तिने या देवाला सांगायच्या बऱ्याच गोष्टी जुळवून ठेवल्या होत्या, त्यातली एकही आता लागू पडत नव्हती. "माझी चूक झाली," ती म्हणाली. "चल, पोरीचं लग्न हाय." दगड काही बोलला नाही. तो रागावला होता की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मग तिने त्याचे नाव घेतले, माइकशिवाय, सगळ्या घशाने, आणि तीन चरण जास्तच म्हटले; उन्हात वाट बघत बसलेल्याला सावली दिली, पाणी दिले, ताटातला पहिला घास दिला. ते चरण आईने शिकवलेले नव्हते. मैनाने तांदूळ ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी चालले होते, पण हात उजवा होता आणि स्थिर होता.

परत येऊन गोजरने वाघदेवापासून पुढचे सगळे बोलावले, कोणाचे नाव राहिले नाही. लग्न लागले. मग डीजे सुरू झाला आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत कोणाला काही ऐकू आले नाही.

दिवस कलताना टेम्पो उंबराशी थांबला. काजल देवाच्या पाया पडली, मग गोजरच्या गळ्यात पडली. गोजरने तिला एका हाताने धरले, आणि तेवढ्याने दोघींचेही भागले. टेम्पो खर्डीच्या रस्त्याला लागला, माणसे पांगली. कमळू आणि गोजर वाडीकडे चालू लागले, कमळू चार पावले मागे. अर्ध्या वाटेवर ती थांबली.

"दोन्ही मागायचे होतेस," ती म्हणाली. "हात पण, जीव पण. देवाला काय जड होतं?"

"डॉक्टर बोललेला दोन्ही नाय," कमळू म्हणाला. "आणि घासाघीस करत बसलो असतो, नि तो एकाला पण नाय बोलला असता तर?"

"मला तरी विचारायचं."

"विचारलं असतं तर तू हात बोलली असतीस."

ते खरे होते. तेव्हा गोजरने हातच म्हटला असता, आणि आज काजलच्या मांडवात दुसरीच कोणी गायली असती. खाटेवर कमळू असता आणि डॉक्टरने तिला आत बोलावले असते, तर तीही धावत उंबराखाली आली असती आणि त्याचा हात, पाय, जे लागेल ते देऊन टाकले असते, त्याला न विचारता. हेही तिला आता स्पष्ट दिसत होते. पण ते कमळूला सांगायची तिला घाई नव्हती. तो दोन वर्षे थांबला होता. आवणीपर्यंत आणखी थांबला तर काही बिघडणार नव्हते.